एका दिवसात सतरा बळी : कोलिन ब्लाइदची पार्श्वभूमी

नॉर्थॅम्प्टनशायर विरुद्ध केंट, इंग्लंडमधला कौंटी सामना, १ जून १९०७. आदला दिवस पावसात वाया गेलेला. केंटचा डावखुरा फिरकी गोलंदाज कोलिन ब्लाइद याने पहिल्या डावात १६ षटकांत ३० धावा देऊन दहाच्या दहा गडी बाद केले आणि त्याच दिवशी दुसऱ्या डावात १५.१ षटकांत १८ धावांत सात. यजमानांचे डाव ६० आणि ३९ धावांत आटोपले, केंट एक डाव आणि १५५ धावांनी जिंकला. एका दिवसात सतरा बळी पुढे फक्त हेडली व्हेरिटी (१९३३) आणि टॉम गॉडर्ड (१९३९) यांनाच मिळाले.

पावसाने मदत केली हे खरे, पण तेवढे म्हणून थांबणे अन्यायाचे आहे. त्या काळी खेळपट्ट्या झाकत नसत. पुरती भिजलेली खेळपट्टी फिरकीच्या कामाची नसते. चेंडू घसरत जातो, साबणासारखा बोटांतून सटकतो. ऊन पडले की वरचा थर सुकतो, आतली माती ओली राहते आणि मग चेंडू माती पकडून वळतो, कधी एकदम उसळतो. अशा वेळी गोलंदाज हुरळतो, टप्पा आखूड पडतो, आणि इतका वळलेला चेंडू बॅटीची कड न घेताच निघून जातो. ब्लाइद टप्पा पुढे ठेवायचा, फलंदाजाला खेळायलाच लावायचा. कोरड्या खेळपट्टीवर त्याची भिस्त चेंडूला हवेत दिलेल्या उंचीवर असे. धावत येताना डावा हात पाठीमागे नेऊन मग तो वर आणायचा. चेंडू अपेक्षेपेक्षा थोडा आधी खाली येई. उजव्या फलंदाजापासून बाहेर वळणारे पाच-सहा चेंडू टाकले की हाताबरोबर आत येणारा एक वेगवान. फसून पुढे आलेल्या फलंदाजाच्या यष्ट्या उडवायला मागे यष्टिरक्षक फ्रेड ह्युइश असे.

ब्लाइद ३० मे १८७९ रोजी डेप्टफर्डमध्ये जन्मला, तेरा भावंडांतला थोरला. वडील वुलिच आर्सेनल या शस्त्रांच्या कारखान्यात फिटर आणि तोही तिथेच लागला. १८९७ च्या जुलैमध्ये ब्लॅकहीथला तो केंटचा सामना पाहायला गेला होता. केंटच्या वॉल्टर राइटला सरावासाठी काही चेंडू टाकण्याची संधी त्याला मिळाली आणि विल्यम मकॅनलिस यांची नजर गेली. टनब्रिजला केंटने त्याच सुमारास व्यावसायिक खेळाडू घडवण्याची नर्सरी सुरू केली होती, मकॅनलिस तिथे शिकवत. १८९९ मध्ये यॉर्कशायरविरुद्ध पदार्पणात ब्लाइदने पहिल्याच चेंडूवर बळी घेतला. याच नर्सरीतून पुढे फ्रँक वुली आला आणि १९०६, १९०९, १९१० व १९१३ अशी चार कौंटी विजेतेपदे केंटला मिळाली. ब्लाइदने चौदा हंगामांत शंभराहून अधिक बळी घेतले, १९०९ मध्ये तर २१५.

कसोटीत मात्र शरीराने साथ दिली नाही. त्याला अपस्माराचा त्रास होता, मोठ्या सामन्याचा ताण सोसेना. १९०७ मध्ये हेडिंग्लेला इंग्लंड पहिल्या डावात ७६ मध्ये गारद झाले, तरी ब्लाइदच्या ५९ धावांत ८ आणि ४० धावांत ७ बळींमुळे दक्षिण आफ्रिकेला ५३ धावांनी हरवले. त्यानंतर तो पार गळून गेला. १९०९ मध्ये एजबॅस्टनला त्याने अकरा आणि जॉर्ज हर्स्टने नऊ गडी बाद करून ऑस्ट्रेलियाला नमवले. पुढच्या लॉर्ड्स कसोटीत डॉक्टरांनी त्याला खेळू दिले नाही. १९ कसोटींत १०० बळी, १८.६३ च्या सरासरीने. असा गोलंदाज एकोणिसावरच थांबावा याची हळहळ वाटते.

इंग्लंड आणि भारत या दोन्ही देशांतली ही कला ताडून पाहणाऱ्या मराठी वाचकाला १९११ चा उन्हाळा विशेष महत्त्वाचा. पटियाळाच्या महाराजांच्या भारतीय संघातून, पुण्याच्या मैदानावर घडलेल्या पळवणकर बाळू यांनी इंग्लंडमध्ये त्याच प्रकारच्या डावखुऱ्या फिरकीवर ११४ बळी मिळवले.

ऑगस्ट १९१४ मध्ये, अपस्मार असूनही, ब्लाइद रॉयल इंजिनियर्सच्या केंट तुकडीत दाखल झाला आणि सार्जंट झाला. १९१७ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, ईटन शाळेत प्रशिक्षक म्हणून जायचे ठरले होते. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी बेल्जियममधल्या पाशेंडेलजवळ लष्करी रेल्वेमार्गाचे काम चालू असताना तोफगोळा फुटून तो ठार झाला. वय ३८. प्रथम दर्जाचे बळी २,५०३, सरासरी १६.८१. ईप्रेजवळच्या ऑक्सफर्ड रोड दफनभूमीत त्याची कबर आहे, आणि कँटरबरीच्या सेंट लॉरेन्स मैदानावर त्याचे स्मारक.