एअर इनटेकमधील फेरबदल (स्पोर्ट्स कार)

बंपर किंवा ग्रिलमागच्या तोंडापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी, इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) हवा ज्या वाटेने इंजिनात जाते ती वाट बदलणे, म्हणजे एअर इनटेकमधील फेरबदल. यात फिल्टर, फिल्टरचा डबा म्हणजे एअरबॉक्स, जोडनळ्या, हवामापक सेन्सर आणि आवाज दाबणारा डबा म्हणजे रेझोनेटर येतात. हे काम दोन कारणांसाठी केले जाते: ताकद थोडी वाढावी आणि इंजिनाचा आवाज मोकळा व्हावा. टर्बो नसलेल्या इंजिनात दुसरा हेतू जवळपास नेहमी साधतो, पहिला क्वचित. जाहिरातीत मात्र क्रम उलटा असतो.

हवेचे गणित

चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या घनक्षमतेइतकी हवा ओढते. २ लिटरचे इंजिन ७,००० आरपीएमवर मिनिटाला सुमारे ७,००० लिटर, म्हणजे सेकंदाला ११७ लिटर हवा घेते. ही हवा ६३ मिमी आतील व्यासाच्या नळीतून जाताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ३७ मीटर असतो, ७६ मिमीच्या नळीत तो २६ मीटरवर येतो. वेग कमी म्हणजे घर्षण कमी, हे खरे. पण कारखान्यातल्या नळीत मुळात किती दाब वाया जातो हे मोजल्याशिवाय जाड नळी घालण्यात अर्थ नसतो.

मोजायला महागडे उपकरण लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी यू आकारात फळीवर बसवून तिच्यात रंगीत पाणी भरतात, एक टोक फिल्टरनंतरच्या नळीला जोडतात, दुसरे उघडे ठेवतात. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण थ्रॉटल देऊन लाल रेषेजवळ (इंजिनाच्या कमाल आरपीएमजवळ) दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक वाचायचा. १०२ मिमी फरक म्हणजे १ किलोपास्कल, आणि वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल असल्याने तेवढ्या तोट्यामागे ताकद साधारण १ टक्का जाते. यूच्या बाजू निदान ६० सेंमी उंच हव्यात, नाहीतर पाणी थेट इनटेकमध्ये ओढले जाते. हेच मोजमाप फिल्टरच्या अलीकडे पुन्हा घेतले की अडथळा फिल्टरात आहे की समोरच्या तोंडात, हे कळते. पुष्कळदा तो तोंडात असतो आणि लोक फिल्टर बदलत बसतात.

तापमानाचा परिणाम याहून मोठा आहे. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. बाहेर ३० अंश सेल्सिअस असताना बॉनेटखालची ५० अंशांची हवा इंजिनाने घेतली, तर वस्तुमान ६ टक्क्यांनी घटते. म्हणजे मोकळ्या फिल्टरने वाचवलेला एखादा टक्का गरम हवा सहज गिळते. उघडा शंकू-फिल्टर एक्झॉस्टच्या बाजूला टांगला की नेमके हेच होते. आवाजामुळे गाडी वेगवान वाटते, डायनोवर आकडा खाली येतो. त्यातही डायनोच्या खोलीत बॉनेट उघडे ठेवून पुढ्यात पंखा लावलेला असेल तर निकाल रस्त्यावरच्या स्थितीशी जुळत नाही. बॉनेट बंद ठेवून, इनटेकच्या तापमानाची नोंद सोबत घेऊनच दोन आकड्यांची तुलना करावी.

हवामापक सेन्सर

बहुतेक आधुनिक गाड्यांत फिल्टरनंतर तप्त तारेचा हवामापक, म्हणजे मॅफ सेन्सर असतो. तो नळीतल्या एका ठिकाणचा प्रवाह मोजतो आणि नळीचा व्यास ठरलेला आहे असे धरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, एकूण हवा काढतो. सेन्सर ७० मिमीच्या नळीतून काढून ७६ मिमीच्या नळीत बसवला, तर क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे हवा सुमारे १५ टक्क्यांनी कमी मोजली जाते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू इंधन वाढवून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र तो मुख्यतः आधी शिकलेल्या दुरुस्तीवर विसंबतो आणि तिथेच नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याचा, धोका असतो. उलट, पातळ मिश्रणामुळे काही गाड्यांत डायनोवर दोन-चार पीएस (अश्वशक्तीचे मेट्रिक एकक) जास्त दिसतात, कारण कारखान्याचे मिश्रण पूर्ण भारावर मुद्दाम गडद, म्हणजे जास्त इंधनाचे, ठेवलेले असते. ही वाढ नळीची नसते.

म्हणून चांगल्या किटमध्ये सेन्सरच्या जागेचा आतील व्यास मूळ नळीइतकाच असतो, सेन्सरआधी सरळ तुकडा असतो आणि बाक आल्यास हवा सरळ करणारी जाळी असते. मूळ नळीतली जाळी काढून टाकणे ही वरवर निरुपद्रवी दिसणारी, पण आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची संथ चाल, बिघडवणारी करामत आहे.

बसवल्यावर स्कॅनरवर ईसीयूने शिकलेली इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती पाहावी. अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. १० टक्क्यांपुढे कारण शोधावे. साधारण २५ टक्क्यांच्या आसपास चेक इंजिनचा दिवा लागून पी०१७१ हा पातळ मिश्रणाचा कोड येतो. निदानाची खूण अशी: दुरुस्ती आयडलिंगला खूप आणि वरच्या आरपीएमला नगण्य असेल, तर सेन्सरनंतर कुठेतरी हवा गळते आहे. भार वाढेल तशी दुरुस्ती टिकून राहत असेल किंवा वाढत असेल, तर सेन्सरचे मापच चुकले आहे. पहिल्यावर क्लॅम्प आणि नळ्या तपासणे हा उपाय, दुसऱ्यावर नवे ट्यूनिंग किंवा योग्य व्यासाची नळी.

फिल्टर

तेल लावलेले कापसाचे फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात, म्हणून लोकप्रिय आहेत. धुताना पाणी आतून बाहेर सोडायचे, फिल्टर सावलीत आपोआप वाळू द्यायचा. कॉम्प्रेसरची हवा मारली की कापसाच्या धाग्यांत भोके पडतात. तेलाची बारीक धार प्रत्येक घडीवर एकदाच, मग वीसेक मिनिटांनी फिकट राहिलेल्या जागी थोडे. जास्त तेल लावले की ते सुटून मॅफच्या तारेवर बसते, त्यावर धूळ चिकटते आणि माप ढासळते. मॅफसाठी वेगळा स्प्रे मिळतो, तोच वापरावा. ब्रेक क्लीनर नको, तारेला बोट किंवा कापूस तर अजिबात नको.

धुळीच्या प्रदेशात, म्हणजे महाराष्ट्राच्या बहुतेक भागात आठ महिने, जाड घड्यांचा कोरडा कागदी किंवा कृत्रिम धाग्यांचा फिल्टर जास्त शहाणपणाचा. फिल्टरनंतरच्या नळीत पांढरे फडके फिरवून पाहावे. त्यावर मातकट डाग आला तर फिल्टर गाळत नाही किंवा त्याची कड नीट बसलेली नाही, आणि ती धूळ सिलिंडरच्या भिंती घासते आहे.

आवाज

इनटेक व्हॉल्व्ह उघडताच नळीत दाबाची लाट उलटी, म्हणजे फिल्टरकडे धावते. सहा सिलिंडरच्या इंजिनात ६,००० आरपीएमला अशा सेकंदाला ३०० लाटा, चार सिलिंडरमध्ये २००. थ्रॉटल बंद असताना त्याची झडप हा आवाज अडवते, म्हणून इनटेकचा आवाज पायाच्या दाबाबरोबर वाढतो. एक्झॉस्टपेक्षा तो चालकाला अधिक जिवंत वाटतो याचे कारण हेच.

कारखाने हा आवाज डब्याच्या आकारमानाने आणि रेझोनेटरने दाबतात. नळीला बाजूने जोडलेला बंद डबा हा हेल्महोल्ट्झ रेझोनेटर, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमते तोच प्रकार. एका टोकाला बंद असलेली साधी नळीही तेच काम करते. तिची लांबी नको असलेल्या लाटेच्या पावपट धरतात: २०० हर्ट्झसाठी सुमारे ४३ सेंमी, १०० हर्ट्झसाठी ८६ सेंमी. रेझोनेटर काढला की आवाज मोकळा होतो, पण काही गाड्यांत मधल्या आरपीएमचा पिकअपही जातो. चार सिलिंडरच्या गाडीत ३,००० आरपीएमच्या आसपास १०० हर्ट्झची घरघर केबिनमध्ये घुमू लागते. एक्सप्रेसवेवर तासभर ती ऐकल्यावर बरेच मालक मूळ डबा परत बसवतात.

टोयोटा जीटी८६ आणि सुबारू बीआरझेड या २०१२ च्या जोडगाड्यांत कारखान्यानेच मॅफ आणि थ्रॉटलच्या मधून एक नळी काढून केबिनच्या भिंतीपर्यंत नेली आहे. तिच्यातला पडदा लाटांबरोबर थरथरतो आणि आवाज आत पोचवतो. नवा इनटेक बसवताना ही नळी काढली, तर इनटेकवरचे तिचे भोक टोपीने घट्ट बंद केलेच पाहिजे, नाहीतर न मोजलेली हवा आत जाते. केबिनकडचे भोकही बुजवावे. या इंजिनात साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या पट्ट्यात टॉर्कला खड्डा आहे. तो इनटेकने भरत नाही, त्यासाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांमधून निघणारा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्या) आणि ट्यूनिंग, म्हणजे ईसीयूच्या सॉफ्टवेअरची नवी मांडणी, लागते.

बीएमडब्ल्यू एम३ सीएसएलचा कार्बन डबा

इनटेकच्या आवाजाचे नाव निघाले की २००३ च्या ई४६ एम३ सीएसएलचा उल्लेख येतोच. साध्या ई४६ एम३ मध्ये ३,२४६ घसेंमीचे, सहा स्वतंत्र थ्रॉटलचे एस५४ इंजिन ७,९०० आरपीएमला ३४३ पीएस देते. सीएसएलमध्ये तेच ३६० पीएसवर नेले आहे. कार्बन फायबरचा मोठा एअरबॉक्स, बंपरमध्ये हवेसाठी गोल भोक आणि मॅफ सेन्सरला रजा, ही त्याची दिसणारी वैशिष्ट्ये. पण वाढीव १७ पीएसमध्ये बदललेल्या कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा), एक्झॉस्टच्या बाजूच्या बदलांचा आणि सॉफ्टवेअरचाही वाटा आहे. नुसता डबा साध्या एम३ वर चढवून १७ पीएस मिळत नाहीत. मिळतो तो आवाज: अर्ध्या थ्रॉटलपुढे खर्जातली डरकाळी, वर चढताना धातूवर घासल्यासारखी धार.

सीएसएलच्या एकूण १,३८३ गाड्याच बनल्या, त्यामुळे साध्या एम३ वर हा डबा बसवण्याची एक स्वतंत्र प्रथाच झाली. डब्याशिवाय त्याचा फिल्टर आणि हवेची नळी लागते. मॅफ काढल्यावर हवेचे तापमान मोजणारा सेन्सर वेगळा बसवून त्याच्या तारा ओढाव्या लागतात, कारण मूळ गाडीत तो मॅफमध्येच असतो. ईसीयू आता थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांवरून हवेचा अंदाज बांधतो. या पद्धतीला अल्फा-एन म्हणतात. तिच्यात समुद्रसपाटीला बसवलेले मिश्रण घाटमाथ्यावर गडद होते, कारण १,५०० मीटरवर हवेचा दाब सुमारे १६ टक्क्यांनी कमी असतो. सीएसएलने यासाठी इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे थ्रॉटलनंतरच्या वाटेतल्या, दाबाचा सेन्सर जोडला होता. नंतरच्या एम३ मधल्या एमएसएस५४एचपी ईसीयूत सीएसएलचे सॉफ्टवेअर टाकून हा सेन्सर वापरता येतो, आधीच्या एमएसएस५४ मध्ये येत नाही. काम हाती घेण्याआधी ईसीयू कोणता आहे ते पाहावे.

अडचणी बहुधा स्वस्त नकलांमध्ये येतात. रेझिन उष्णतेने मऊ पडून डब्याची कड वाकते आणि सहापैकी एखाद्या तोंडाशी फट राहते. अल्फा-एनमध्ये थ्रॉटलच्या अलीकडची गळती मापावर परिणाम करत नाही, म्हणून दिवा लागत नाही आणि न गाळलेली धूळ गुपचूप आत जात राहते. थ्रॉटलच्या पलीकडची गळती मात्र लगेच आयडलिंग वरखाली करते. डबा उतरवलेलाच आहे तर त्याखालचा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह साफ करून घ्यावा, तिथे पुन्हा हात घालणे कटकटीचे असते. सहा थ्रॉटलचा मेळही याच वेळी तपासावा.

बसवणी

इंजिन थंड असताना बॅटरीची ऋण तार काढून सुरुवात करतात. सेन्सर नव्या नळीत घालताना त्याची रबरी रिंग आणि बाणाची दिशा पाहावी. उलटा सेन्सर बसतो, चालत नाही. क्रँककेसची श्वासनळी (इंजिनाच्या तळातली वाफ इनटेकमध्ये आणणारी नळी) मूळ जागीच, थ्रॉटलच्या अलीकडे जोडायची. सिलिकॉन जोडांवरचे क्लॅम्प ३ ते ४ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळावेत, त्यापुढे सिलिकॉन कापले जाते. इंजिन रबरी माउंटवर हलते, म्हणून नळी आणि बॉडीच्या पत्र्यात निदान २ सेंमी अंतर लागते. नळीचा आधार इंजिनाला आणि डब्याचा बॉडीला असेल, तर मधला जोड लवचिकच हवा. हीट शील्डची, म्हणजे फिल्टरला इंजिनाच्या उष्णतेपासून आडोसा देणाऱ्या पत्र्याची, कड बॉनेटच्या आतल्या बाजूला टेकेल इतकी रबरी पट्टी लावली नाही, तर शील्ड शोभेचे ठरते.

टर्बो गाडीत टर्बोच्या अलीकडची नळी ओढणीने आत दबणार नाही इतकी कडक हवी. थ्रॉटल बंद होताच टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची हवा फुस्स आवाजासाठी बाहेर सोडली, तर मॅफने आधीच मोजलेली हवा निघून जाते आणि गिअर बदलताना मिश्रण गडद होऊन गाडी झटका मारते. मॅफ असलेल्या गाडीत ती हवा परत इनटेकमध्येच सोडावी.

पाणी

थंड हवेसाठी फिल्टर बंपरच्या तळाशी नेण्याची पद्धत कोरड्या देशांत ठीक. मुंबई-ठाण्याच्या जुलैत ती इंजिन गमावण्याची वाट आहे. पाणी दाबले जात नाही. एस५४ च्या एका सिलिंडरमध्ये ५४१ घसेंमी जागा आणि ११.५ चे दाबप्रमाण धरले, तर वरच्या टोकाला पिस्टनच्या माथ्यावर सुमारे ५१ घसेंमी जागा उरते. त्याहून जास्त पाणी आत गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली अशी गाडी स्टार्टर मारून पाहू नये. आधी स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे.

कायदा

कॅलिफोर्नियात अशा इनटेकला तिथल्या हवा मंडळाचा कार्यकारी आदेश क्रमांक लागतो आणि त्याचा स्टिकर बॉनेटखाली चिकटवतात. जर्मनीत सुट्या भागाची मंजुरी किंवा तपासणीचा कागद लागतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदलाला मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग कलम १९०(२) खाली येतो. मूळ आकाराचा धुता येणारा फिल्टर मूळ डब्यातच बसत असल्याने तो सहसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. उघडा शंकू आणि चमकती नळी मात्र बॉनेट उघडताच दिसते, आणि वॉरंटीच्या दाव्यातही पहिला प्रश्न तिच्यावरच येतो. त्यामुळे काढलेला डबा, त्याचे क्लिप, रबरी बुशिंग आणि रेझोनेटर एकत्र बांधून ठेवावेत. पुढे गाडी विकतानाही गिऱ्हाईक ते मागतात.