क्लाउड साठा ड्राइव्ह म्हणून जोडणे : कोकण किनाऱ्यावरील वापर

इंटरनेटवरील साठवण सेवेत ठेवलेल्या फायली संगणकातील सी, डी या ड्राइव्हच्या रांगेत आणखी एक ड्राइव्ह म्हणून दिसाव्यात आणि नेहमीच्या प्रोग्रॅममधून थेट उघडता, जतन करता याव्यात, यासाठी केलेली जोडणी. व्यवहारात तिला ‘ड्राइव्ह माउंट करणे’ म्हणतात. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, ॲमेझॉन एस-३, नेक्स्टक्लाउड अशा बहुतेक सेवा या पद्धतीने जोडता येतात. ब्राउझर उघडा, फाइल उतरवा, बदला, पुन्हा चढवा, हा फेरा त्यामुळे वाचतो. मात्र ड्राइव्हमध्ये दिसणारी फाइल आपल्या यंत्रात असतेच असे नाही. पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्ही कधी जातील याचा नेम नसलेल्या कोकणात हा फरक ओळखता येणे हीच या पद्धतीची खरी किल्ली आहे.

सिंक आणि माउंट या दोन गोष्टी वेगळ्या. सिंकमध्ये फायलींची पूर्ण प्रत संगणकाच्या डिस्कवर राहते व बदल दोन्ही बाजूंना पोचवले जातात. माउंटमध्ये फक्त यादी समोर येते. आतला मजकूर मागितल्यावर उतरतो. गूगलच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये हे दोन्ही पर्याय आहेत: ‘मिरर’ म्हणजे पूर्ण प्रत आणि ‘स्ट्रीम’ म्हणजे मागणीप्रमाणे. स्ट्रीम निवडल्यास विंडोजवर सहसा ‘जी’ अक्षराचा ड्राइव्ह तयार होतो. वनड्राइव्ह वेगळे अक्षर घेत नाही. त्याचा फोल्डर डिस्कवरच असतो, पण त्यातील फायली रिकाम्या कवचासारख्या असू शकतात. निळा ढग दिसला तर फाइल फक्त सर्व्हरवर आहे. हिरव्या कडेच्या वर्तुळातील खूण म्हणजे ती सध्या यंत्रात उतरलेली आहे, आणि भरीव हिरव्या वर्तुळातील पांढरी खूण म्हणजे ती कायम यंत्रात ठेवण्यास सांगितलेले आहे.

रचना. कोणताही प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा तो कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, मागणी करतो. एरवी कर्नल ती डिस्ककडे पाठवतो. माउंट केलेल्या ड्राइव्हची मागणी तो एका सामान्य प्रोग्रॅमकडे सोपवतो. हा प्रोग्रॅम इंटरनेटवरून सेवेशी बोलतो, फाइलचा हवा तेवढाच तुकडा आणतो आणि कर्नलला परत देतो. लिनक्स या कार्यप्रणालीत हे काम ‘फ्यूज’ या यंत्रणेवर चालते. मिक्लोश सेरेदी यांनी घडवलेली ही यंत्रणा २००५ मध्ये कर्नलच्या २.६.१४ आवृत्तीत समाविष्ट झाली. विंडोजवर तशाच कामासाठी विनएफएसपी आणि मॅकवर मॅकफ्यूज आहे. या तिन्हींवर चालणारा मुक्तस्रोत प्रोग्रॅम म्हणजे आरक्लोन. निक क्रेग-वुड यांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम गो भाषेत लिहिलेला असून कित्येक सेवांशी जोडता येतो.

आणलेले तुकडे काही काळ डिस्कवर जपून ठेवले जातात. या जागेला कॅशे म्हणतात. आरक्लोनमध्ये कॅशेचे चार प्रकार आहेत: बंद, किमान, फक्त लेखनासाठी आणि पूर्ण. कॅशे बंद असेल तर लिहिलेला मजकूर थेट सेवेकडे वाहतो आणि मधेच नेट तुटले तर तो पुन्हा पाठवता येत नाही. लेखनासाठी किंवा पूर्ण कॅशे असेल तर फाइल आधी डिस्कवर उतरते, बंद केल्यानंतर काही सेकंदांनी चढू लागते, आणि प्रोग्रॅम मधेच बंद पडला तरी त्याच पर्यायांनिशी पुन्हा सुरू केल्यावर राहिलेल्या फायली चढवल्या जातात. कोकणात आरक्लोन वापरणाऱ्याने ‘पूर्ण’ सोडून दुसरा प्रकार निवडण्याचे कारण फारसे उरत नाही.

जुनी परंपरा. दूरचा साठा जवळचा भासवण्याची कल्पना क्लाउडच्या आधीची आहे. सन कंपनीची एनएफएस ही पद्धत १९८४ ची. कार्यालयातील एका यंत्राची डिस्क दुसऱ्यावर दिसे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील कोडा या प्रकल्पाने जोडणी तुटल्यावरही काम कसे चालू ठेवावे याचा विचार १९८० च्या दशकातच सुरू केला होता, आणि आजच्या ऑफलाइन सोयींमागे तोच विचार आहे. वेबवरून फायली लिहिण्यासाठीचे वेबडॅव्ह हे मानक १९९९ मध्ये आले. विंडोजमध्ये त्याची जोडणी पूर्वीपासून आहे, पण तीत मुळातच ५ कोटी बाइटांची मर्यादा घातलेली असल्याने मोठी फाइल उतरवताना अडते. २००४ मध्ये जीमेल आले आणि त्याच वर्षी टपालपेटीचाच ड्राइव्ह करणारे प्रयोग झाले. २००६ मध्ये ॲमेझॉन एस-३, २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स, २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आणि २०१७ मध्ये वनड्राइव्हची मागणीनुसार फायली उतरवण्याची सोय, असा पुढचा क्रम आहे.

कोकणातील गरज. मोठ्या क्लाउड कंपन्यांची भारतातील काही केंद्रे मुंबईतच आहेत. ॲमेझॉनचे २०१६ मध्ये, गूगलचे २०१७ मध्ये सुरू झाले. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर परदेशातून येणाऱ्या समुद्राखालच्या केबली बाहेर पडतात. म्हणजे या व्यवहाराचा बराच भाग कोकण किनाऱ्यावरूनच चालतो, तरी त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला गेले की घाटउतारावरच्या वाडीत फोनची रेंज शोधत अंगणात यावे लागते.

फायली दुसरीकडे ठेवण्याची निकड मात्र इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन–दिवेआगर भागात किनाऱ्यावर आले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली आणि तळमजल्यावरील दुकानांतले, कार्यालयांतले कागद आणि संगणक दोन्ही गेले. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ च्या पुरात ग्रंथ गमावले होते. २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. अशा संस्थांनी स्कॅन केलेली पाने इमारतीबाहेर असणे ही चैन नाही.

रत्नागिरी आणि राजापूर परिसरातील कातळशिल्पांचे दस्तऐवजीकरण हे दुसरे उदाहरण. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे येथील सड्यांवरील, म्हणजे उघड्या कातळपठारांवरील, ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. एका सड्याचे ड्रोनने ८ एमबीचे ५०० फोटो काढले तर ४ जीबी होतात. १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट; ८ बिट म्हणजे एक बाइट) वेगाने ते चढायला जवळपास ५५ मिनिटे लागतात, तेही मधे खंड पडला नाही तर. फोटो जोडून नकाशा करणारा प्रोग्रॅम मात्र माउंट केलेल्या ड्राइव्हवरून चालवू नये; तो एकेक फोटो अनेकदा वाचतो. काम डिस्कवर करून निकाल ड्राइव्हवर ठेवणेच योग्य.

वेगाचा हिशेब दोन भागांत मोडतो. मोठ्या फाइलला नेटची रुंदी लागते, तर लहान फायलींच्या ढिगाला विनंतीच्या फेरीचा वेळ नडतो. एका फेरीला सेकंदाचा दहावा भाग धरला तरी हजार फायलींना एकामागून एक शंभर सेकंद जातात, मग त्या कितीही लहान असोत. म्हणून सातबारा, फेरफार, पावत्या यांचे शेकडो सुटे स्कॅन एका पीडीएफमध्ये बांधून ठेवले तर ड्राइव्ह अंगावर येत नाही. फोटोंचा फोल्डर नुसता उघडला तरी लघुचित्रे बनवण्यासाठी संगणक आतल्या फायली उतरवू लागतो. अँटीव्हायरसची तपासणी आणि विंडोजची शोधसूची हेच करू शकते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये काम करणाऱ्याने लघुचित्रे बंद करावीत आणि हा ड्राइव्ह शोधसूचीतून वगळावा.

लाइट आणि नेट गेल्यावर. नेट गेले तरी फायलींची यादी बहुधा दिसत राहते, कारण तिची प्रत कॅशेत असते. त्यामुळे सारे ठीक आहे असा समज होतो. न उतरलेल्या फाइलवर क्लिक केले की प्रोग्रॅम अडकून राहतो किंवा चूक दाखवतो. कॅशेत असलेली फाइल उघडते, पण कॅशे जागेनुसार आणि वेळेनुसार आपोआप रिकामी होते. कालपर्यंत उघडणारी फाइल उद्या उघडेलच असे नाही. म्हणून जे कागद वादळातही लागणार आहेत, उदाहरणार्थ विम्याची पॉलिसी, बागेचे उतारे, बोटीची नोंदणी, त्यांच्यावर ‘ऑफलाइन उपलब्ध’ किंवा ‘या यंत्रावर कायम ठेवा’ हा पर्याय आधीच लावावा. हवामान खात्याचा इशारा आल्यानंतर हे करायला बसले तर तेव्हा नेटवर सगळ्यांचीच गर्दी असते.

जतन केलेली फाइल अजून चढायची असताना लाइट गेली तर ती फक्त त्याच एका यंत्राच्या कॅशेत असते. इन्व्हर्टरवर संगणकाबरोबर राउटरही घेतलेला असावा. तरीही टॉवर किंवा फायबरच्या बाजूची वीज गेली तर त्याचा उपयोग होत नाही. संगणक बंद करण्यापूर्वी चढायच्या फायली संपल्या का ते पाहणे, आणि फायली शिल्लक असताना खाते काढून न टाकणे किंवा कॅशेचा फोल्डर न पुसणे, या दोन सवयी कोणत्याही महागड्या सेवेपेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

अनेकांचा वापर. कोकणातील पुष्कळ गावांना दोन मंडळे असतात, एक गावातल्या ग्रामस्थांचे आणि दुसरे मुंबईकरांचे. वर्गणीची एकच एक्सेल फाइल गावचे सचिव आणि मुंबईचे खजिनदार दोघांनी सामायिक ड्राइव्हवरून उघडली, तर माउंटच्या बऱ्याच प्रकारांत दुसऱ्याने फाइल उघडल्याची सूचना पोचत नाही. मग शेवटी जतन करणाऱ्याची प्रत टिकते किंवा ‘विसंगत प्रत’ नावाची दुसरी फाइल तयार होते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात असे झाले की हिशेब जुळवणे अवघड. दोघांनी एकाच वेळी लिहायचे असेल तर ब्राउझरमधील शीट वापरावी.

टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा चालू डेटा किंवा कोणताही डेटाबेस अशा ड्राइव्हवर ठेवू नये. हे प्रोग्रॅम फाइलच्या लहानशा भागावर सतत लिहितात. क्लाउड साठा बहुधा पूर्ण फाइल बदलूनच घेतो, आणि मधली तुटलेली प्रत चढली तर डेटा खराब होतो. डेटा डिस्कवर ठेवून रोजचा बॅकअप तेवढा ड्राइव्हवर पाठवावा. गूगल डॉक्सच्या फायलींचीही एक मोठी फसगत आहे. ड्राइव्हमध्ये त्या एक-दोन केबीच्या दिसतात, पण आत फक्त पत्ता असतो, मजकूर नसतो. त्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवल्या तर हाती काहीच लागत नाही. आधी वर्ड किंवा पीडीएफ रूपात उतरवाव्या लागतात.

माउंट केलेला ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. येथे पुसलेली फाइल सर्व्हरवरूनही जाते, आणि संगणकात शिरलेला खंडणीखोर व्हायरस या ड्राइव्हवरही इतरांइतकाच हात मारतो. गूगलच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते. एस-३ मध्ये आवृत्त्या जपण्याची सोय मुद्दाम सुरू केली नसेल तर पुसलेले परत मिळत नाही. तिसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो वेगळ्या गावी, असावी.

मराठी नावे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल रचनांत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त ही वेगवेगळी चिन्हे मोजली जातात. ‘रत्नागिरी’ या एका शब्दाचेच २७ बाइट होतात. संपूर्ण नावाला ८५ चिन्हे मिळतात. विंडोजवर हीच मर्यादा बाइटांऐवजी चिन्हांत मोजली जाते. त्यामुळे विंडोजवर दिलेले लांबलचक नाव लिनक्सच्या कॅशेत उतरताना अडू शकते. आरक्लोनने नावेही कूटबद्ध केली, म्हणजे इतरांना वाचता येऊ नयेत अशी बदलली, तर मर्यादा सुमारे १४३ बाइटांवर येते, म्हणजे देवनागरीत ४७ चिन्हे. गाव, वर्ष आणि विषय एवढेच नावात ठेवून बाकीचा तपशील त्याच फोल्डरमधील एका मजकूर फाइलीत लिहिणे अशा वेळी सोयीचे पडते.