अभ्यासक्रमनियोजनातील विद्यार्थी-सहभाग

अभ्यासक्रमनियोजनातील विद्यार्थी-सहभाग : एखाद्या विषयात काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने आणि किती वेळात शिकवायचे, तसेच शिकलेल्याचे मूल्यमापन कसे करायचे, हे ठरवताना तो विषय शिकणाऱ्यांना मत मांडण्याचा, त्या मतावर उत्तर मिळवण्याचा आणि काही ठिकाणी मतदानाचा अधिकार देणारी व्यवस्था. संस्थेच्या कारभारातील विद्यार्थी-प्रतिनिधित्वाशी तिचे नाते असले, तरी दोन्ही गोष्टी एक नव्हेत. वसतिगृह, शुल्क आणि स्नेहसंमेलन यांवर हिरिरीने बोलणाऱ्या विद्यार्थी परिषदेला अभ्यासक्रमाच्या बैठकीत स्थान नसणे, हेच बहुतेक ठिकाणचे चित्र आहे. ऐच्छिक विषय निवडण्याच्या मुभेपासूनही ही संकल्पना वेगळी ठेवावी लागते. चार्ल्स एलियट यांनी हार्वर्डच्या अध्यक्षपदाच्या काळात (1869–1909) ऐच्छिक विषयांची पद्धत रुजवली, आणि भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 पासून श्रेयांकाधारित (क्रेडिटवर आधारलेल्या) निवड पद्धतीचा आग्रह धरला. परंतु या दोन्हींत विद्यार्थी इतरांनी आखलेल्या विषयांतून निवड करतो, त्या विषयांच्या आखणीत त्याचा हात नसतो.

हा प्रश्न आधुनिक लोकशाहीतून उपजला असा समज असला, तरी त्याचे सर्वांत ठळक उदाहरण मध्ययुगातील आहे. इटलीतील बोलोन्या येथे कायदा शिकण्यासाठी दूरदेशांहून आलेल्या, वयाने बऱ्यापैकी प्रौढ असलेल्या विद्यार्थ्यांनी बाराव्या-तेराव्या शतकांत आपले संघ स्थापन केले. या संघांचा प्रमुख विद्यार्थ्यांमधूनच निवडला जाई आणि अध्यापकांना त्याच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यावी लागे. शिकवण्याचे ग्रंथ, म्हणजे मुख्यतः रोमन सम्राट जस्टिनियनची कायदासंहिता, परंपरेने ठरलेले होते आणि ते बदलण्याचा आग्रह विद्यार्थ्यांनी धरला नाही. त्यांनी ताबा मिळवला तो गतीवर. ग्रंथाचे लहान भाग पाडून प्रत्येक भाग कोणत्या मुदतीत पुरा व्हायचा हे आधी ठरवले जाई, अध्यापकाकडून अनामत घेतली जाई आणि मुदत चुकली की तिच्यातून दंड कापला जाई. व्याख्यान उशिरा सुरू केले, घंटा झाल्यावर लांबवले किंवा अवघड उतारा तासाच्या शेवटावर ढकलला, तरी दंड होता. नियमित व्याख्यानाला पाचपेक्षा कमी श्रोते आले, तर अध्यापक गैरहजर मानला जाई. परीक्षा घेऊन पदवीस पात्र ठरवण्याचा अधिकार मात्र अध्यापकांच्या मंडळाने कधीही सोडला नाही. कोणत्या बाबीत शिकणाऱ्याचा शब्द चालावा आणि कोणत्या बाबीत जाणकाराचा, याची ही विभागणी आजच्या अनेक नियमावल्यांपेक्षा अधिक स्पष्ट होती, असे म्हणावे लागते. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून नगरशासन अध्यापकांना वेतन देऊ लागले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या फीवर उभा असलेला हा अधिकार हळूहळू ओसरला. युरोपात पुढे पसरला तो प्रामुख्याने पॅरिसचा नमुना, ज्यात विद्यापीठ म्हणजे अध्यापकांचा संघ होता.

विसाव्या शतकात या मागणीला पुन्हा जोर आला तो अर्जेंटिनात. कोर्दोबा विद्यापीठातील जुनाट, धर्मसत्तेच्या छायेखालील शिक्षणाविरुद्ध विद्यार्थ्यांनी 1918 मध्ये संप पुकारला आणि 21 जून 1918 रोजी देओदोरो रोका यांनी लिहिलेला जाहीरनामा प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा वाटा, नेमणुका खुल्या स्पर्धेतून करणे आणि एकच विषय एकाहून अधिक अध्यापकांनी समांतर शिकवण्याची सोय या मागण्या त्यातून पुढे आल्या, आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक सार्वजनिक विद्यापीठांत सहशासनाची, म्हणजे अध्यापक आणि विद्यार्थी यांनी मिळून कारभार पाहण्याची, पद्धत रूढ झाली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को राज्य महाविद्यालयात नोव्हेंबर 1968 पासून मार्च 1969 पर्यंत चाललेल्या संपामागे, कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो आणि मूलनिवासी समाजांचा इतिहास अभ्यासक्रमात कोठेच नाही, ही तक्रार होती. त्यातून 1969 मध्ये वांशिक अभ्यासाची स्वतंत्र शाखा उभी राहिली. 2008 च्या आर्थिक संकटानंतर मँचेस्टर विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, बाहेर बँका कोसळत असताना वर्गात एकाच विचारपंथाचे सिद्धान्त शिकवले जातात, असा आक्षेप घेतला आणि 2014 मध्ये आपल्या शिक्षणाची चिकित्सा करणारा अहवाल प्रसिद्ध केला. विषय पुरता न शिकलेल्यांना त्यातील उणीव दिसणार नाही, या नेहमीच्या युक्तिवादाला ही उदाहरणे चांगलेच उत्तर देतात; जे वगळले आहे ते ओळखण्यासाठी जे शिकवले जाते त्यात पारंगत असावेच लागते असे नाही.

शिक्षणशास्त्रात अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकण्याचे हेतू ठरवताना शिकणाऱ्याचा सहभाग घेण्यावर भर दिला. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी तो विचार प्रौढ साक्षरतेत कमालीच्या ठोसपणे राबवला. ब्राझीलमधील आंजिकोस येथे 1963 मध्ये सुमारे 300 श्रमिकांसाठी घेतलेल्या 40 तासांच्या वर्गांत आधी त्यांच्याच बोलण्यातील, कामाशी आणि जगण्याशी निगडित शब्द गोळा केले गेले आणि वाचन-लेखनाचे पाठ त्या शब्दांवर बेतले गेले. तेथे शिकणाऱ्यांना कोणत्याही समितीत बसवले नव्हते, तरीही अभ्यासक्रमाची सामग्री त्यांच्याकडून आली होती.

सहभागाविरुद्धचे आक्षेप गंभीर आहेत आणि ते झटकून टाकण्याजोगे नाहीत. वैद्यक, अभियांत्रिकी किंवा परिचर्या यांसारख्या अभ्यासक्रमांत किमान पात्रतेशी समाजाची सुरक्षितता जोडलेली असते. शरीरक्रियाशास्त्रातील एखादा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून तो गाळता येत नाही. विषयाची अंतर्गत रचना, म्हणजे कशाच्या आधी काय यावे लागते, ही पुष्कळदा विषय संपल्यावरच उलगडते. शिवाय जे बोलतात ते सर्वांच्या वतीने बोलतातच असे नाही. बैठकीत बोलायला धजणारा विद्यार्थी बहुधा आधीच पुढे असलेला असतो. मात्र या आक्षेपांच्या कक्षेबाहेर एक मोठे क्षेत्र उरते, आणि त्यात विद्यार्थ्याइतका जाणकार दुसरा कोणी नसतो. आधीच्या वर्गात कागदावर शिकवलेले प्रत्यक्षात किती पोहोचले, एकाच आठवड्यात किती विषयांची जर्नल्स आणि सादरीकरणे येऊन पडतात, कोणते दोन विषय तेच उदाहरण तीन वेळा शिकवतात, हे एका विषयाच्या प्राध्यापकाला दिसू शकत नाही, कारण सगळे विषय एकत्र वाहणारा फक्त विद्यार्थी असतो. महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला, त्वरण, संवेग, संयुजा, अपवर्तन या संज्ञांवर पक्की मांड बसलेला विद्यार्थी अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकासमोर येतो, तेव्हा त्याचे पहिले काही महिने विज्ञान नव्याने शिकण्यात नव्हे, तर माहीत असलेले विज्ञान ओळखण्यात जातात. त्यासाठी किती तासिका राखून ठेवायला हव्यात, हे त्याला विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही.

मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील बाराव्या कलमाने मान्य केला असून भारताने ही संहिता 1992 मध्ये स्वीकारली. फिनलंडच्या 2016 पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्रत्येक शाळेने वर्षातून किमान एक बहुविषयक अध्ययन-घटक घ्यावा आणि त्याच्या आखणीत विद्यार्थी असावेत, अशी तरतूद आहे. युरोपीय उच्च शिक्षणात 2001 च्या प्राग येथील मंत्रिपरिषदेने विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण-समुदायाचे पूर्ण सदस्य मानले. 2015 च्या युरोपीय गुणवत्ता-निकषांनुसार अभ्यासक्रमांच्या रचनेत विद्यार्थी सहभागी असावेत आणि बाह्य परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञगटात विद्यार्थी-सदस्य असावाच, अशी अपेक्षा आहे. या सदस्यांना प्रशिक्षण देणे हे वेगळे काम मानले जाते. स्कॉटलंडमध्ये 2003 पासून त्यासाठी स्वतंत्र संस्था कार्यरत आहे. प्रशिक्षणाशिवाय नेमलेला प्रतिनिधी बैठकीत गप्प बसतो आणि मग विद्यार्थ्यांना यात रसच नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

सहभागाचा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे सत्राच्या शेवटी भरून घेतलेला अभिप्राय-अर्ज, आणि तोच सर्वांत दुबळा आहे. विद्यार्थ्यांनी अध्यापकाला दिलेले गुण आणि प्रत्यक्ष झालेले शिक्षण यांचा संबंध क्षीण असल्याचे, तसेच अध्यापकाच्या लिंगासारख्या बाबींचा त्या गुणांवर परिणाम होत असल्याचे अनेक संशोधनांत दिसून आले आहे. कॅनडातील रायरसन विद्यापीठाच्या प्रकरणात 2018 मध्ये लवादाने असे गुण पदोन्नतीसाठी अध्यापनाच्या परिणामकारकतेचे माप म्हणून वापरू नयेत, असा निर्णय दिला. अर्ज व्यक्तीविषयी विचारतो. कोणता भाग कोठे अडला, हे तो क्वचितच विचारतो.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत अभ्यासक्रम विषयाच्या अभ्यास मंडळात तयार होतो आणि विद्याशाखेमार्फत विद्या परिषदेपुढे मंजुरीसाठी जातो. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर खुल्या विद्यार्थी निवडणुका थांबून गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, परंतु त्या नियमितपणे झालेल्या नाहीत, त्यामुळे वर्गाने निवडलेला प्रतिनिधी वर्गाचा अनुभव वरपर्यंत नेईल हा मार्गच जवळपास बंद राहिला आहे. स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे विभागातील अध्यापक, बाहेरचे तज्ज्ञ आणि उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी यांच्याबरोबर एक गुणवंत पदव्युत्तर माजी विद्यार्थी असतो. ही जागा मोलाची आहे, कारण संपूर्ण अभ्यासक्रमातून गेलेला आणि आता कोणाच्या अंतर्गत गुणांवर अवलंबून नसलेला माणूस निर्भयपणे बोलू शकतो. मात्र गुणवंताला जे सहज पचले ते काठावर पास होणाऱ्याला कसे जड गेले, हे त्याला माहीत असेलच असे नाही. उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या (नॅक) निकषांत अभ्यासक्रमाविषयी विद्यार्थी, अध्यापक, माजी विद्यार्थी व नियोक्ते यांचे अभिप्राय घेणे, त्यांचे विश्लेषण करणे आणि केलेली कार्यवाही संकेतस्थळावर मांडणे, याला गुण आहेत. त्यामुळे कागद तयार होतात, पण वेळेचा प्रश्न सुटत नाही. चार श्रेयांकांच्या विषयाला 60 तासिका आणि बहुधा चार घटक असतात; चौथा घटक शेवटच्या आठवड्यात घाईने उरकला जातो हे दरवर्षी प्रत्येक वर्गाला कळते, तरी सत्राअखेरच्या अर्जात लिहिलेल्या तक्रारीचा लाभ तो अर्ज भरणाऱ्या वर्गाला मिळत नाही. हीच विचारणा दुसऱ्या घटकानंतर, सत्राच्या मध्यावर केली, तर तासिकांची फेरवाटणी त्याच सत्रात आणि त्याच विद्यार्थ्यांसाठी करता येते, आणि त्यासाठी अभ्यास मंडळाच्या मंजुरीची गरज पडत नाही.