पूर्णांकन त्रुटी

न संपणाऱ्या दशांश मांडणीची संख्या मोजक्या अंकांत बसवताना खरी किंमत आणि वापरलेली किंमत यांत जो फरक पडतो, त्याला पूर्णांकन त्रुटी म्हणतात. π (वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) आणि e (सुमारे २.७१८२८) हे स्थिरांक अपरिमेय, म्हणजे अपूर्णांकात नेमके न मांडता येणारे, असल्याने त्यांची मांडणी कुठेतरी तोडावीच लागते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) परिघाचे व्यासाशी ३९२७/१२५० हे सूक्ष्म आणि २२/७ हे स्थूल पण व्यवहारापुरते गुणोत्तर दिलेले आहे. पहिले सुमारे ०.०००००७ ने चुकते, दुसरे ०.००१३ ने.

आजच्या संगणकात संख्या साठवण्याच्या आयईईई ७५४ (१९८५) या मानकाच्या दुहेरी अचूकतेत ५३ द्विमान (० किंवा १) अंक, म्हणजे जवळपास १६ दशांश अंक मिळतात. साधा ०.१ सुद्धा द्विमान पद्धतीत नेमका मावत नाही, म्हणून ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ येते.

तरी मोठी चूक झाली की स्थिरांकाचे अंक कमी पडले असे समजणे बहुधा चुकीचे ठरते. दोष आकडेमोडीच्या मांडणीत असतो. n अमर्याद वाढत जाताना (१ + १/n)ⁿ ज्या किमतीकडे सरकते ती e, अशी त्याची व्याख्या आहे; त्यामुळे n जितका मोठा तितके उत्तर अचूक यावे. प्रत्यक्षात n = १०⁸ पर्यंत २.७१८२८१७९… असे ठीक उत्तर मिळते; n = १०¹⁵ घेतल्यावर ३.०३५ येते आणि n = १०¹⁶ ला चक्क १. कारण १ मध्ये १०⁻¹⁶ मिळवले की बेरीज पुन्हा १ वरच येऊन बसते, आणि १ चा कोणताही घात १ च. १०¹⁵ ला तो बारीक तुकडा उरतो खरा, पण पूर्णांकनात ११ टक्क्यांनी फुगतो आणि घात घेताना ती फूग थेट उत्तरात उतरते. याउलट १ + १/१! + १/२! + … (n! म्हणजे १ पासून n पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार) ही श्रेणी १/१७! पर्यंत बेरजेला घेतली, की त्याच संगणकावर e चे जवळजवळ सगळे अंक हाती येतात.

दर पायरीला त्रुटी एकाच दिशेने पडली तर ती साठत जाते. कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढताना तिसऱ्या दशांशस्थळापुढचे अंक पूर्णांकन न करता नुसते छाटले जात, त्यामुळे किंमत दर वेळी खालीच सरके. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला. हिशेब दुरुस्त केल्यावर १०९८ वर आला.