सोलापुरातील वृत्तछायाचित्रण

वृत्तपत्रे, वृत्तसंकेतस्थळे आणि वृत्तवाहिन्या यांच्यासाठी बातमीचे फोटो काढण्याचा सोलापूर शहर व जिल्ह्यातील व्यवसाय. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तछायाचित्रकाराला वार्ताहर आणि उपसंपादकांच्या पंगतीत बसवून पत्रकार ठरवले. जिल्ह्याच्या गावी मात्र पूर्णवेळ पगारी फोटोग्राफर मोजकेच असतात. बाकीचे मानधनावर किंवा छापून आलेल्या फोटोमागे पैसे घेऊन काम करतात आणि लग्नसराईवर घर चालवतात.

रोलच्या काळात फोटोग्राफरचा निम्मा दिवस अंधाऱ्या खोलीत जाई. डेव्हलपर, हायपो ही रसायने, धुणे, वाळवणे, मग ब्रोमाइड कागदावर प्रिंट. रोलमध्ये ३६ फोटो, म्हणून बटण दाबण्याआधी विचार होई. पंढरपूर सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटर; तिथला रोल एसटीच्या वाहकाकडे किंवा ओळखीच्या जीपवाल्याकडे द्यायचा आणि गाडी वेळेवर पोचेल अशी आशा धरायची. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिजिटल कॅमेऱ्याने ही खोली बंद केली. वाचलेला वेळ फोटोग्राफरच्या पदरी पडला, असे मात्र झाले नाही. पूर्वी संध्याकाळी एक चांगला फोटो टेबलावर ठेवला की काम संपे. आता घटनास्थळावरूनच चार फोटो आणि एक उभा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा, कार्यालयात आल्यावर छपाईसाठी मोठी फाइल द्यायची आणि फोटोओळही स्वतःच लिहायची.

आषाढी एकादशीची शासकीय महापूजा मध्यरात्रीनंतर होते, तोवर अंक छपाईला गेलेला असतो. छापील अंकासाठी हा फोटो कायमच एक दिवस शिळा होता. संकेतस्थळांमुळे तो उजाडायच्या आत वाचकांच्या फोनवर जातो. पण गाभाऱ्यात जागा थोडी, प्रवेश मोजक्यांना. त्यामुळे सरकारी यंत्रणेने पाठवलेला एकच फोटो अनेक ठिकाणी दिसतो. ज्याला वेगळे काही हवे असते, तो त्या वेळी चंद्रभागेच्या वाळवंटात असतो.

शहरातली खरी परीक्षा जानेवारीत, सिद्धेश्वर यात्रेत. १२ जानेवारीला १९३१मध्ये फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांना अभिवादन होते आणि लगेच यात्रेचे दिवस सुरू होतात: ६८ लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा म्हणजे सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, होमप्रदीपन, शोभेचे दारूकाम. अक्षता सोहळ्यात सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले, म्हणजे बंदांच्या अंगरख्यातले भाविक आणि वरून जानेवारीचे दुपारचे ऊन. पांढऱ्यावर पांढरे. कॅमेरा आपणहून प्रकाश मोजू लागला, तर बाराबंदी तरी करडी दिसते किंवा चेहरे तरी काळे पडतात. जाणकार फोटोग्राफर मोजमाप आधीच हाताने ठरवून ठेवतो. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’चा गजर झाला की हजारो हातांतून अक्षता उडतात. त्या हवेत असतात तेवढाच अवधी. अलीकडे त्याच क्षणी समोरच्या गर्दीतून मोबाइलही वर होतात, म्हणून चांगली जागा धरायला आधीच जावे लागते. कुठल्या गच्चीवरून नंदीध्वज आणि तळे एका चौकटीत बसतात, कोणत्या घरचे लोक गच्चीवर चढू देतात, ही माहिती कॅमेऱ्याबरोबर विकत मिळत नाही.

मोबाइलशी स्पर्धा अपघात आणि आगीच्या बातम्यांत सर्वांत तीव्र आहे. एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली तर पहिला फोटो तिथल्या कामगाराचा असतो, आणि तो फुकट मिळतो. परदेशात याचे टोक २०१३मध्ये दिसले: शिकागो सन-टाइम्सने आपला अख्खा छायाचित्रण विभाग एका दिवसात बंद करून वार्ताहरांच्या हाती आयफोन दिले. आपल्याकडे असे जाहीरपणे क्वचितच होते. एखादी जागा रिकामी होते आणि भरली जात नाही. उलट, वेळ आधी ठरलेल्या घटनांत व्यावसायिकाचे पारडे अजून जड आहे. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी विमानसेवेतला अडथळा म्हणून पाडण्यात आली. ती काही सेकंदांत कोसळली. अशा वेळी लांब पल्ल्याची लेन्स, घट्ट रोवलेला ट्रायपॉड आणि एका सेकंदात अनेक फोटो घेणारा कॅमेरा लागतो.

श्रेयाचा प्रश्न जुनाच, व्हॉट्सअ‍ॅपने तो चिघळवला. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो आणि त्याच्या फाइलीत नोंदवलेले नाव, तारीखही गळून जाते. मग तो ‘सौजन्य: सोशल मीडिया’ म्हणून दुसऱ्याच्या पानावर उगवतो. म्हणून अनुभवी लोक फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतात. कोपऱ्यात नाव छापणाऱ्यांचे नाव कापून टाकणारेही आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीतल्या फोटोग्राफरने वृत्तपत्रासाठी काढलेल्या फोटोचा प्रकाशनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. इतर वापराचे हक्क काढणाऱ्याकडे राहतात. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा हक्क सांगणाऱ्याचा. स्वतःहून काढलेला फोटो काढणाऱ्याचाच, आणि त्याचे संरक्षण काढणाऱ्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे.

जतनाची बाजू सर्वांत कच्ची आहे. बंद पडलेल्या गिरण्या आणि नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव यांची जुनी निगेटिव्ह कुणाच्या तरी माळ्यावर, बुरशी धरलेली का होईना, सापडू शकतात. डिजिटलच्या पहिल्या वर्षांतले फोटो सीडींवर ठेवले गेले. त्यांतल्या अनेक आता उघडत नाहीत. पुढच्या काळातले हार्ड डिस्कवर आहेत, बहुधा एकाच प्रतीत आणि तारखेशिवाय दुसरी नोंद नसलेल्या फोल्डरांत.