लिंगभाव समावेशन (विकास कार्यक्रमांतील)

विकासाचा कार्यक्रम आखताना, राबवताना आणि त्याचे फलित मोजताना स्त्री-पुरुषांची कामे, मालकी, वेळ व निर्णयाचा अधिकार यांतला फरक ध्यानात घेण्याची पद्धत. लिंगभाव म्हणजे शरीरभेद नव्हे, समाजाने वाटून दिलेल्या भूमिका.

शेती आधुनिक होताना नवी साधने पुरुषांच्या हाती गेली आणि राबणाऱ्या बायका मागे पडल्या, हे एस्टर बोसरप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७० मध्ये मांडले. संयुक्त राष्ट्रांच्या १९७५ च्या मेक्सिको महिला परिषदेनंतर ‘महिलांसाठी योजना’ आल्या. १९९५ च्या बीजिंग परिषदेने त्यापुढे जाऊन प्रत्येक धोरणात हा विचार असावा, असे ठरवले.

नाशिक जिल्ह्यात या पद्धतीची गरज द्राक्षबागेतच दिसते. फेलफूट (घड न धरलेल्या फुटी) काढणे, थिनिंग (घडातले मणी विरळ करणे), खुडणी यांत बायकांचे हात मोठ्या संख्येने असतात. पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या निफाड-दिंडोरीत उतरतात. चर्चासत्राचे आमंत्रण मात्र बागाईतदाराला जाते. ते संध्याकाळी ठेवले, तर चुलीपुढची बाई येणार कशी? एवढा साधा प्रश्न आराखड्यात असणे, हेच समावेशन. हजेरीपटावरच्या बायकांच्या सह्या मोजणे म्हणजे समावेशन नव्हे, आणि गल्लत नेमकी इथेच होते.

राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळाने (माविम, स्थापना १९७५) आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने २००७ पासून ‘तेजस्विनी’ कार्यक्रम राबवला. त्याचा पाया बचत गटांचा होता. गटामुळे बाईला बँकेची पायरी चढता आली, ही मोठीच गोष्ट. पण ठिबकचे अनुदान सातबारा मागते, आणि सातबाऱ्यावर बहुधा तिचे नाव नसते.

हा प्रश्न परक्या निधीबरोबर आलेला नाही. शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये याच जिल्ह्यात, चांदवडला भरले होते. पुढे संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये, देशभर २००५ मध्ये झाली. तरी माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही आहेत, आणि त्या सहीची नोंद कुठल्याही प्रकल्पाच्या अहवालात येत नाही.