दाताच्या मुळाशी नांग्या भरताना

द्राक्षबागेत ओळीतली एखादी वेल मेली की नांगी भरावी लागते. नुसते रोप आणून खोचले तर ते जगत नाही. खड्डा साफ करावा लागतो आणि रोपाने जीव धरण्याआधी तणाने जागा बळकावू नये म्हणून राखणही करावी लागते. पायोरियाने, म्हणजे हिरड्यांच्या आजाराने, पोखरलेल्या दाताभोवती स्टेम सेल (नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) लावायच्या तर खरी अडचण हीच आहे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो, बाहेर जबड्याचे हाड आणि दोहोंमध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर. तंतूंची टोके दोन्हीकडे रुतलेली असतात, म्हणून दात घट्ट राहतो. कीटणाखाली जंतू साठले की सूज येते आणि त्या सुजेतच तंतू व हाड झिजतात. हिरडी आणि दात यांच्यामधली फट निरोगी माणसात 1 ते 3 मिलिमीटर खोल असते. त्याहून खोल फटीला डॉक्टर पॉकेट म्हणतात.

पॉकेट साफ केले तरी गेलेले हाड आपोआप परत येत नाही. 1976 साली मेल्चर या संशोधकाने त्याचे कारण मांडले: मुळापाशी ज्या पेशी आधी पोचतात, त्याच तिथे काय उगवणार हे ठरवतात. सर्वांत वेगाने सरकते ते हिरडीचे वरचे आवरण. ते मुळाला चिकटत खाली उतरते. जखम भरते, पण तंतू रुतत नाहीत. म्हणून आडपडदा लावून त्या आवरणाला अडवण्याची शस्त्रक्रिया आली. खोल, अरुंद आणि तीन बाजूंनी हाड शाबूत असलेल्या खड्ड्यात ती चांगली चालते. उथळ, पसरट झिजेत फारसे हाती लागत नाही.

2004 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काढलेल्या अक्कलदाढांच्या तंतूंमधून स्टेम सेल वेगळ्या केल्या. उंदरांमध्ये त्यांनी सिमेंटम आणि तंतूंसारखी रचना घडवली. टोकियोतल्या गटाने पुढे रुग्णाच्याच दाढेच्या मुळावरचे तंतू खरवडून, त्यातल्या पेशी 37 अंशांवर वाढवल्या. त्यांची बशी खास होती: थंड केली की पेशींचा पापुद्रा अखंड सुटतो. एंझाइम (प्रथिने तोडणारे द्रव्य) वापरून सोडवल्या तर पेशींचे आपापसातले धागे तुटतात. असे तीन पापुद्रे एकावर एक रचून स्वच्छ केलेल्या मुळावर बसवले आणि हाडाच्या खड्ड्यात कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे भरले. 2018 मध्ये 10 रुग्णांचे निकाल आले: 6 महिन्यांत पॉकेट सरासरी 3.2 मिलिमीटरने कमी झाले. उमेद वाटावी असाच हा आकडा आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. चीनमध्ये 2016 साली तुलना करून पाहिली, तेव्हा पेशी सुरक्षित ठरल्या, मात्र नुसत्या हाडाच्या भुकटीपेक्षा हाड ठळकपणे जास्त भरले नाही.

कारण पेशी लावणे हा कामाचा सोपा भाग. सूज शिल्लक असेल, रक्तातली साखर चढलेली असेल किंवा तंबाखू, मिश्री चालू असेल तर रोप कितीही चांगले असो, जमीनच त्याला साथ देत नाही. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्तही कमी येते, त्यामुळे आजार दबून राहतो.

मुलांचे दुधाचे दात साठवून ठेवण्याच्या जाहिराती नाशिकमधल्या पालकांच्याही फोनवर येतात. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दातांपासून मिळणाऱ्या स्टेम सेलची व्यापारी साठवण करता येत नाही. हिरड्यांसाठीचा स्टेम सेल उपचारही फक्त मंजूर चाचणीतच देता येतो. कोणी तो पैसे घेऊन देऊ केला तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा.

आज करण्यासारखे काम पंचवटीतल्या दंत महाविद्यालयातही होते: प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी माप घेऊन स्केलिंग (कीटण खरवडणे) व मुळाची सफाई, दोनेक महिन्यांनी पुन्हा माप आणि तेव्हाही 6 मिलिमीटर वा त्याहून खोल राहिलेल्या पॉकेटसाठी शस्त्रक्रियेचा विचार.